ओळ उचलणारं कुणी

मास्तर, काल नागपूरच्या एका स्टुडिओत मी आईचं गाणं म्हणायला उभी राहिले, पहिली ओळ टाकली आणि थांबले. कानांवर हेडफोन, समोर काच आणि काचेपलीकडे दाढी राखलेला एक तरुण संगीतकार. हा एकटाच ढोलकीपासून व्हायोलिनपर्यंत सगळं वाजवतो, म्हणजे बटणं दाबतो. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग अगदी अदबीनं विचारलं, "मॅडम, शब्द विसरलात का?" मला हसू आलं. हाच प्रश्न मला एकदा तुम्ही विचारला होता. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की तुम्हाला ओळखणारं माणूस शोधायचं तर वडशाच्या बाजारात दिवसभर फिरावं लागेल. म्हणून म्हटलं, तुम्हालाच लिहावं. तुम्हाला मराठी वाचायचा कंटाळा होता, हे मी विसरलेले नाही. नाटकाची संहिता वाचताना तुमचे ओठ हलायचे, आणि मोठं वाक्य आलं की "पुढचं तू वाच वं" म्हणून कागद माझ्या अंगावर टाकायचात. हे पत्रही मलाच वाचावं लागणार आहे, त्याला इलाज नाही.

ती दुपार मला जशीच्या तशी दिसते. वडशाच्या एका बंद पडलेल्या भातगिरणीत नाटकाची तालीम चाललेली, कोपऱ्यात कोंड्याचा ढीग, हवेत तूस. कंपनीला गाणारी पोरगी हवी आहे असं मामाला बाजारात कळलं आणि त्यानं मला तिथं नेऊन उभी केली. कुरखेड्याच्या पलीकडच्या जंगलातलं आमचं गाव. मला मराठी समजायची, पण बोलताना अडखळायची. गाणं म्हण, असं कुणीतरी सांगितलं. मला येत होती ती आईची गोंडी गाणी. मी एक ओळ म्हटली आणि थांबले. आमच्याकडे गाणं तसंच असतं. कमरेत हात घालून पोरींच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग ओळ टाकते, दुसरी ती उचलते, आणि उचलल्याशिवाय पुढची ओळ पडतच नाही. गाणारी एकटी असली तर गाणंच सुरू होत नाही. मला वाटलं, ही एवढी गाणारी माणसं बसली आहेत, उचलेल कुणीतरी. कुणीच उचलली नाही. पेटीमागून तुम्ही म्हणालात, "विसरली का वं?" मी म्हटलं, "नाई. तुमी उचला ना." "काय उचलू?" "ओळ." यावर ती सगळी गिरणी हसली. खलनायकाचं काम करणारा तर इतका हसला की त्याची चिकटवलेली मिशी सुटली. तुम्ही मात्र हसला नाहीत. पेटी जवळ ओढलीत, म्हणालात, "आता म्हन." मी पुन्हा ओळ टाकली, आणि तुमच्या भात्यानं एक लांब सुस्कारा सोडला, आणि माझीच ओळ, माझ्याच वळणांसकट, पेटीतून परत आली. मी दुसरी ओळ टाकली. माझं गाणारीचं आयुष्य तिथून सुरू झालं.

तो सुस्कारा सगळ्या झाडीपट्टीत ठाऊक होता. तुमच्या पेटीच्या भात्याला भोक होतं आणि त्यावर तुम्ही जुन्या चपलेच्या चामड्याचं ठिगळ लावलेलं. सूर निघण्याआधी त्यातून हवा सुटायची, दम्याच्या माणसानं बोलण्याआधी श्वास घ्यावा तशी. आणि तुमचा धंदा काय, तर पेट्या दुरुस्त करायचा! चंद्रपूरपासून गोंदियापर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या तुमच्या दुकानात पोट उघडून पडलेल्या असायच्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं लोक तोंडावर म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "अरे, आपल्या घरचं काम फुकटाचं, थे कोन करन?" पण एकदा मला वेगळंच सांगितलंत. त्या आवाजामुळे गाणाऱ्याला कळतं की आता मी येऊन राह्यलो, म्हणून तो बुजवत नाही. मला ते तेव्हा फारसं समजलं नव्हतं.

मला न्यायला तुम्ही आमच्या गावी आलात, तो दिवस तर आईनं मरेपर्यंत सांगितला. नाला ओलांडून आल्यामुळे गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चपला, डोक्यावर पांढरी टोपी. आई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. एक मुसलमान मास्तर पोरीला नाटकात न्यायला आला म्हटल्यावर तिनं वर बघितलंच नाही. तुम्ही खाटेवर बसला नाहीत, मागणी घातली नाहीत, काही नाही. उभ्या उभ्याच गोंडीत पाणी मागितलंत, "एर." तेवढा एकच शब्द तुम्ही वाटेत मामाकडून शिकला होतात, आणि तोही असा उच्चारलात की आईला आधी हसूच फुटलं. पाणी दिल्यावर तिनं आपली अट सांगितली. "पोरगी येईन. पन आमचा पाटा, आमचं गानं, एकटीनं म्हनत नाई. एकटीनं म्हटला त म्हननारीचा जीव उघडा पडते. कोन उचलन?" तुम्ही तांब्या खाली ठेवून म्हणालात, "मी उचलीन, बाई." आईनं मान हलवली आणि पुन्हा मोहफुलांकडे वळली. एवढ्यावर मी तुमच्याबरोबर आले. लोक लेक सासरी पाठवतानाही याहून जास्त बोलतात.

पाण्याचा तो नियम तुमचा होता, हे मला नंतर कळलं. ज्या भाषेत पाणी मागता येत नाही, त्या भाषेत गायचं नाही. तो मी पहिल्यांदा मोडला गडचांदूरला. सिमेंटच्या वसाहतीतला गणपतीचा कार्यक्रम, झाडांच्या पानांवरसुद्धा पांढरी भुकटी, आणि समोर तेलुगू बोलणारे, बिहारकडचे, छत्तीसगडचे, आपले असे सगळे कामगार. मी कॅसेट ऐकून ऐकून एक तेलुगू गाणं हुबेहूब बसवलं होतं. शिट्ट्या पडल्या, दोनदा म्हणायला लावलं. मी हवेत होते. परतीच्या वाटेवर चहाच्या टपरीत कप हातात आल्यावर तुम्ही विचारलंत, "त्या गान्यात थे बाई कोनावर रागावली हाये?" मी म्हटलं, ठाऊक नाही. "मंग एवढ्या लोकायसमोर तू कोनावर रागावून राह्यली होती? नकल करून राह्यली वं तू. पोपट बी करते." माझा चहा तसाच राहिला. मी रडले, आणि तुम्ही समजूत घातली नाहीत. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा गडचांदूरला नेऊन एका खाणकामगाराच्या बायकोच्या ओट्यावर बसवलंत आणि म्हणालात, "पानी माग." "अम्मा, मंचिनीळ्ळू इव्वंडी" एवढं म्हणायला मला किती घाम फुटला! त्या बाईनं पाणी दिलं, मग भात वाढला, मग नवऱ्याच्या तक्रारी सांगितल्या, आणि संध्याकाळपर्यंत मला त्या गाण्यातली बाई कुणावर का रागावली आहे ते नीट कळलं. पुढच्या वर्षी मी तेच गाणं म्हटलं तेव्हा शिट्ट्या पडल्या नाहीत. पुढे बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. तुम्ही पेटी आवरताना म्हणालात, "आता ठीक." तुमच्या तोंडचं कौतुक ते एवढंच.

हिंदी मी शिकले ती चाचीच्या चुलीपाशी. तुमची बायको म्हणून तिचं नाव चाची, पण त्या घरात मास्तर कोण होतं ते मी सांगायला नको. मी ‘ख़ुदा’ म्हणताना साधा ख काढला की ती फुंकणी माझ्या पाठीत घालायची आणि म्हणायची, "गले में मछली का काँटा अटका है, ऐसे बोल." कव्वालीच्या मुकाबल्यात मी उभी राहते तेव्हा तो काटा मला आजही घशात जाणवतो. मग छत्तीसगडी आली, धानाच्या रोवणीला आलेल्या बायांकडून, "पानी देबे का दाई" म्हणत. मराठी तर नाटकानंच शिकवली. आधी नाटकातली भारदस्त, मग माणसांशी बोलायची. सुरुवातीला मी भाजीवालीलासुद्धा "हे भगिनी" म्हणायचे आणि तुम्ही पेटीवर डोकं टेकून हसायचात.

मास्तर, गाणं मात्र मला भरपूर मिळालं. झाडीपट्टीच्या नाटकांचे किती सीझन केले, आठवत नाही. ऑर्केस्ट्रा झाला, कॅसेटी झाल्या, भीमगीतं, देवीची गाणी, कव्वाल्या, सिरोंच्याकडच्या लग्नांतली तेलुगू गाणी. हिवताप निर्मूलनाच्या प्रचाराची गाणी गायले, निवडणुकीचीही गायले. एकाच चालीवर समोरासमोरच्या दोन उमेदवारांना विजयी केलं. आता मोबाइलवर माझी गाणी चालतात. वरात असली की डीजेवाला माझाच आवाज लावतो आणि मी रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी असते, कुणी ओळखत नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. सिरोंच्याला मला तेलुगू समजतात. बल्लारपूरला कुणी विचारतं, आपा, तुम्ही कोणत्या मोहल्ल्यातल्या? पोंभुर्ण्याला एका म्हाताऱ्यानं माझं कुळ-गोत्र सांगून मला आपली चुलत पुतणी ठरवलं होतं. जो तो मला आपली म्हणतो, आणि जो तो माझं फक्त आपल्या भाषेतलं गाणं ओळखतो. पाचही भाषांमध्ये मला ऐकलेलं माणूस एकच होतं. या भाषेतून त्या भाषेत जाताना मी कुठे दम घेते, कुठे घाबरते, हे तुम्हाला ठाऊक होतं, कारण तिथे नेमका तुमचा भाता सुस्कारायचा. तुम्ही गेल्यावर मी पाच जणींसारखी झाले आणि पाचही जणी एकट्या.

तुम्ही गेलात ते पावसाळ्यात, सीझन नसताना. कुणाचं नाटक अडू नये म्हणून वेळ पाहून गेल्यासारखे. शेवटच्या दिवसांत तुमच्या बोटांना पट्ट्या दाबवत नव्हत्या. मी दुकानात आले तेव्हा तुम्ही तुमचीच पेटी उघडून बसला होतात. तिच्यातली एक पितळेची बारीक पट्टी, जिला तुम्ही पेटीवाले सूर म्हणता, तुम्ही काढलीत, फडक्यानं पुसलीत आणि माझ्या हातावर ठेवलीत. काळी चारची. माझी पट्टी. "तोंडानं फुंक, वाजते," म्हणालात. मी फुंकली, वाजली. मी विचारलं, मग तुमची पेटी? तुम्ही म्हणालात, "तुह्या सुराबिगर बाकीचं वाजवाचं काऊन?" त्यानंतर चार दिवसांत तुम्हाला नेलं. बाया कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून चाची आणि मी स्वयंपाकघरात बसून राहिलो. बाहेर माणसांच्या पावलांचा आवाज लांब गेला. चाचीनं उठून माठातलं पाणी काढलं आणि मी न मागता मला दिलं. पुढे ती मुलीकडे गेली आणि तिकडेच संपली. दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मी त्या दुकानातून काही घेत नाही, तेवढा हट्ट मी ठेवला आहे.

आई गेली तुमच्यानंतर काही वर्षांनी. तिनं मला शेवटपर्यंत एकच विचारलं, "कोन उचलून राह्यलं आता?" मी म्हणायचे, आहेत लोक. तिची बाकीची गाणी मी कॅसेटवाल्यांना दिली, कोरसच्या पोरी लावून, मागे बासऱ्या घालून. तिचं ते पहिलं गाणं मात्र दिलं नाही, जे मी गिरणीत म्हटलं होतं. ते आता फक्त माझ्याकडे आहे. गावात ते येणारी दुसरी बाई उरली नाही, आणि माझंही वय झालं. वरच्या पट्टीत दम लागतो, चंद्रपूरच्या कोळशाच्या धुरानं घसा धरलेला असतो. वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीवर इथे दुपारपर्यंत काळी पूड बसते, तीच आत जाते. मी मेले की ते गाणंही जाणार. म्हणून गेल्या मंडईच्या जत्रेला मी मुद्दाम गावी गेले. शाळेच्या मैदानात मला खुर्ची दिली, शाल दिली. माइक घेऊन मी ती ओळ टाकली आणि थांबले. समोर पोरी होत्या, आमच्याच, माझ्याच रक्ताच्या काही. त्यांनी मोबाइल वर धरलेले होते आणि चित्रीकरण बिघडू नये म्हणून त्या अगदी गप्प उभ्या होत्या. मला वाटलं, एखादीच्या ओठात येईल. नंतर त्यांना वाटलं गाणं संपलं, आणि मास्तर, टाळ्या वाजल्या. भरपूर वाजल्या. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं, तुम्हाला नेलं त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी निदान चाची होती.

मग ठरवलं, निदान ध्वनिमुद्रण करून ठेवावं. म्हणून काल नागपूर. मी त्या दाढीवाल्याला उचलायची रीत समजावून सांगितली. तो हुशार आहे, त्याला लगेच समजलं. म्हणाला, "मॅडम, सोपं आहे. उत्तराची ओळपण तुम्हीच म्हणा, मी आवाज थोडा बदलतो. दोन काय, वीस बाया वाटतील." मी म्हटलं, बघू या. त्यानं माझीच ओळ माझ्या कानात लावली. आवाज चांगला आला होता, थोडा थकलेला, पण खरा. ओळ संपली, त्यानं काचेमागून हात हलवून खूण केली की आता उचला. माझं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. आपण टाकायची आणि आपणच उचलायची, म्हणजे काय, मास्तर? एकट्या बाईनं दोन ताटं वाढून समोरासमोर बसायचं तसं. त्यानं तीनतीनदा लावलं. मी पर्समधून तुमची पितळेची पट्टी काढून फुंकली, सूर हलला म्हणून नाही, धीर यावा म्हणून. तरी जमलं नाही. शेवटी मी सांगितलं, "मी माझ्या सगळ्या ओळी म्हणते. मधल्या जागा रिकाम्या ठेवा."

त्याला पटेना. "एवढी शांतता कुणी ऐकत नाही हो मॅडम, लोक बोट लावून पुढे जातात." मी म्हटलं, जाऊ देत. "मग तिथे निदान पक्ष्यांचा आवाज टाकू? जंगलातलं गाणं आहे ना?" मी म्हटलं, पक्षी नको. बिचारा मुकाट्यानं कामाला लागला. मी एकेक ओळ टाकली, एका ओळीला लागतो तेवढा वेळ थांबले, मग पुढची. आईचं सगळं गाणं असं पार पडलं. नंतर त्यानं ते खोलीत मोठ्यानं लावलं. माझी ओळ यायची आणि मग काहीच नाही, नुसती एसीची घरघर, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलेले. संपल्यावर त्यानं विचारलं, "लोकांना काय सांगायचं, या जागा कशासाठी आहेत?" मी टेचात म्हटलं, "ऐकणाऱ्यांनी उचलाव्यात म्हणून. ज्याला येईल त्यानं उचलावी." त्याला ते फार आवडलं. तेच तो गाण्याखाली लिहिणार आहे.

सकाळपासून हे लिहिते आहे आणि आता ऊन दारातून आत आलं आहे. हे कागद कुठे टाकायचे तो प्रश्नच नाही, ते टाकणार नाहीच. पितळेच्या पट्टीबरोबर फडक्यात गुंडाळून ठेवीन. फक्त त्या दाढीवाल्याला जे सांगितलं ते खरं नव्हतं, एवढं तुम्हाला कळवायचं होतं. त्या रिकाम्या जागांत ऐकणाऱ्यांचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. दर वेळी थांबले तेव्हा मी, ठिगळ लावलेल्या भात्यातून हवा सुटते का, तेवढंच ऐकत होते.